आजोबांच्या कुऱ्हाडीचं नेढं

आमच्या घरात त्या कुऱ्हाडीचा विषय निघाला की बाबांचं एकच वाक्य ठरलेलं असायचं, "तिला हात लावू नका, ती सुटते." त्यापुढे कोणी काही विचारायचं नाही. कुऱ्हाड माळ्यावर गोणपाटात गुंडाळून पडलेली, आणि तिची गोष्टही तशीच गुंडाळलेली. गोष्ट एवढीच, की एकोणीस वर्षांचे बाबा लाकडं फोडत होते. घाव घालायला त्यांनी कुऱ्हाड डोक्यावर नेली आणि पातं दांड्यातून निसटलं. मागे बारा वर्षांचा काका उभा होता. पातं त्याच्या कानाजवळून गेलं आणि दाराच्या चौकटीत रुतलं. चौकटीवरची ती खाच अजून आहे, दोन बोटं लांब. आजोबा ओरडले नाहीत, मारलंही नाही. त्यांनी कुऱ्हाड उचलली आणि माळ्यावर टाकली. बाबांना त्या न ओरडण्याचंच जास्त लागलं होतं, असं आजी सांगायची.

बाबा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. गेल्या वर्षी माळा साफ करताना ते गोणपाट माझ्या हाती लागलं. मी बावीस वर्षं हीट ट्रीटमेंटच्या विभागात काम केलं आहे. पोलाद तापवायचं, त्याला पाणी द्यायचं, म्हणजे झटकन थंड करून कडक करायचं, आणि मग त्याचा कडकपणा मोजायचा, हेच माझं आयुष्य. त्यामुळे 'ती सुटते' हे वाक्य मला कधीच पटलं नव्हतं. कुऱ्हाड आपणहून सुटत नाही. सुटायला कारण लागतं, आणि ते कारण कुठेतरी लोखंडात किंवा लाकडात दिसायलाच हवं.

पहिला आठवडाभर मी तिला काहीही केलं नाही, फक्त पाहिलं. जुनं हत्यार हाती आलं की ते लगेच चकचकीत करावंसं वाटतं, ते मला कळतं. पण ग्राइंडर एकदा फिरला की जे पुसलं जातं ते परत येत नाही. गंजाखालचा शिक्का जातो, हातोडीच्या खुणा जातात, आधी कोणी कशी धार लावली होती तेही जातं. म्हणून आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढले, मापं घेतली आणि वहीत लिहून ठेवली. पात्याचं वजन नंतर, दांडा काढल्यावर केलं. ते भरलं १ किलो ४२० ग्रॅम. धार साडेनऊ सेंटिमीटर रुंद, धारेपासून तुंब्यापर्यंत, म्हणजे मागच्या बोथट टोकापर्यंत, सतरा सेंटिमीटर.

कारखान्यात बनलेली कुऱ्हाड असेल तर ओळख बरीच सोपी होते. गालावर, म्हणजे पात्याच्या बाजूवर, शिक्का असतो, कधी पौंडातलं वजन ठोकलेलं असतं, कधी देशाचं नाव. अमेरिकेत १८९० च्या जकात कायद्याने आयात मालावर मूळ देशाचं नाव असणं सक्तीचं केलं, त्यामुळे तिथे बाहेरून आलेल्या हत्यारावर देशाचं नाव दिसलं की साधारण कोणत्या काळानंतरचं ते कळतं. एक गैरसमज मात्र मी फार वेळा ऐकला आहे. जुन्या कुऱ्हाडीवर, पटाशीवर 'कास्ट स्टील' असं ठोकलेलं दिसलं की लोक म्हणतात, ही बिडाची आहे, फुटेल. तसं नाही. शेफील्डच्या बेंजामिन हन्ट्समनने १७४० च्या दशकात मुशीत पोलाद पूर्ण वितळवून ते ओतण्याची रीत बसवली. त्यातून जे एकजीव, स्वच्छ पोलाद मिळायचं, त्याला कास्ट स्टील म्हणत. तो शिक्का अभिमानाने मारलेला असायचा. तसा शिक्का असलेली वस्तू कोणी भंगारात टाकत असेल तर त्याचा हात धरा.

आमच्या कुऱ्हाडीवर अक्षर एकही नव्हतं. गंज थोडा खरवडल्यावर एका गालावर तीन ठिपके दिसले, पोगराने, म्हणजे खूण ठोकायच्या टोकदार हत्याराने, ठोकलेले. एक खोल, दोन उथळ, आणि तिघं काही एका ओळीत नाहीत. गाल सपाट नव्हते. दिव्याचा उजेड तिरपा पाडला की त्यावर घणाचे ठसे दिसायचे, ओल्या मातीवर अंगठा दाबल्यासारखे. म्हणजे ही लोहाराने हाताने घडवलेली. नेढ्याच्या, म्हणजे दांडा बसतो त्या भोकाच्या, मागे, तुंब्याकडे, एक बारीक तिरपी रेघ होती. पट्टी गुंडाळून, टोकावर टोक चढवून, तापवून ठोकून जोडल्याची ती खूण.

मग मी व्हिनेगरचा प्रयोग केला. धारेजवळचा तळहाताएवढा भाग आधी बारीक पॉलिश पेपरने उजळ केला, तेलाचा अंश राहू नये म्हणून साबणाने धुतला आणि त्यावर व्हिनेगरमध्ये भिजवलेला कापूस ठेवला. पंधरा-वीस मिनिटांत रंग फुटायला लागले. धारेकडचा साडेतीन सेंटिमीटरचा भाग काळपट करडा झाला, मागचा भाग फिकट राहिला आणि दोघांच्या मध्ये नदीच्या काठासारखी वळणावळणाची रेघ उमटली. ज्या पोलादात कार्बन जास्त, ते आम्लाने जास्त काळवंडतं. म्हणजे अंग मऊ लोखंडाचं आणि धारेला पोलादाची जीभ घातलेली. लोहाराने अंगाचं टोक चिरलं, त्या फटीत पोलादाचा तुकडा बसवला आणि दोन्ही एकत्र तापवून ठोकून एकजीव केले. पोलाद महाग होतं म्हणून असं करत, हे खरंच. पण त्यात शहाणपणही आहे. मऊ अंग घावाचा हादरा पितं, नेढ्यापाशी तडकत नाही, आणि कडक धार आपलं काम करते. बावीस वर्षं मी भट्टीतून निघालेल्या नमुन्यांवर आकडे लिहिले, पण त्या संध्याकाळी ती रेघ हळूहळू वर येताना पाहिली तेव्हा अंगावर काटा आला. ज्याने ही घडवली त्याच्याकडे तापमापक नव्हता. लालाचा पिवळा कधी होतो आणि पिवळ्यातून ठिणग्या कधी उडू लागतात, एवढंच तो बघत असणार.

फिकट भागात अजून एक गोष्ट दिसली. लाकडाच्या रेषांसारखे लांब बारीक तंतू. हे जुन्या घडीव लोखंडाचं लक्षण आहे, त्यात मळीचे, म्हणजे लोखंड गाळताना उरलेल्या कचऱ्याचे, धागे ताणले गेलेले असतात. नंतरच्या माइल्ड स्टीलमध्ये ते नसतात. तंतू दिसले म्हणून घरात लगेच 'दीडशे वर्षांपूर्वीची' असं सुरू झालं, ते मी थांबवलं. हेन्री बेसेमरने १८५६ मध्ये पोलाद बनवण्याची आपली पद्धत जाहीर केल्यावर स्वस्त पोलाद हळूहळू सगळीकडे पसरलं हे बरोबर, पण इंग्लंडमधल्या बोल्टनचा घडीव लोखंडाचा शेवटचा व्यापारी कारखाना १९७३ पर्यंत चालू होता. आणि लोहार काय करतो? जुनी साखळी, गाडीच्या चाकाची जुनी धाव, जुना आस, जे चांगलं लोखंड मिळेल ते भट्टीत घालतो. लोखंड जुनं असलं तरी कुऱ्हाड नंतरची असू शकते. निव्वळ तंतू पाहून वय सांगू नये.

व्हिनेगरबद्दल एक सांगते. काम झालं की खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, पूर्ण कोरडं करा, लगेच तेल लावा. आणि अख्खं पातं दोन-दोन दिवस त्यात बुडवून विसरू नका. व्हिनेगर गंज खातं तसं चांगलं लोखंडही खातं.

आता दांड्याकडे वळायचं होतं. दांडा उभा चिरलेला होता, पातं बोटाने हलत होतं. तरीही ते निघेना, इतकं काही काही त्यात ठासलेलं होतं. जुना दांडा काढायला पातं विस्तवात टाकतात, लाकूड जळतं आणि नेढं मोकळं होतं. असं कधीही करू नका. विस्तवाला कळत नाही कुठे थांबायचं ते. धारेचं पाणी उतरतं आणि मग ती कुऱ्हाड दिसायला कुऱ्हाड राहते, एवढंच. मी दांडा पात्याच्या खालून करवतीने कापला, उरलेल्या लाकडात ड्रिलने भोकं पाडली आणि आतलं एक एक काढत गेले.

ते काढताना जे निघालं ते मी एका ताटलीत क्रमाने मांडलं. सगळ्यात वर चार खिळे, दोन मोठे, दोन चपलेचे. त्याखाली पत्र्याची पट्टी, डब्याच्या झाकणाची असावी, तिच्या कडेला अजून निळा रंग होता. मग सायकलच्या ट्यूबचा तुकडा, तीनपदरी घडी करून. मग बाभळीची पाचर, ती मात्र सुबक तासलेली. आणि सगळ्यात आत, लाकडाला चिकटून, खाकी कापड.

बाबा तिथेच खुर्चीवर बसले होते. कापड बघून म्हणाले, "माझ्या शाळेच्या पँटीचं आहे ते."

तेव्हा पहिल्यांदा पूर्ण गोष्ट बाहेर आली. जुना दांडा मोडल्यावर नवा दांडा बाबांनीच घातला होता, सतराव्या वर्षी, आजोबा परगावी गेले असताना. ते परत यायच्या आत काम झालेलं दाखवायचं होतं. दाखवलंही. पण महिन्याभरात पातं हलायला लागलं. मग कापड घातलं. मग पाचर. मग रबर, पत्रा, खिळे. दोन वर्षं हेच चाललं होतं. रात्री कुऱ्हाड पाण्याच्या बादलीत ठेवायची, सकाळी घट्ट, दोन दिवसांनी पुन्हा सैल. पाण्याचा हा उपाय खूप जण करतात, आणि तोच दांड्याचा घात करतो. लाकूड फुगतं, पण नेढ्यात जागा नसते, म्हणून आतले तंतू चिरडतात. वाळल्यावर लाकूड आधीपेक्षाही बारीक होतं. दर भिजवण्यागणिक थोडं थोडं.

पण दोन वर्षं एवढी खटपट करूनही पातं का टिकेना, याचं उत्तर पाण्यात नव्हतं. ते मला नेढं साफ केल्यावर मिळालं.

नेढं अंड्याच्या आकाराचं होतं, बावन्न मिलिमीटर खोल. व्हर्नियर लावला. एका तोंडाशी ४१ बाय ३३ मिलिमीटर. पातं उलटं केलं, दुसऱ्या तोंडाशी ३६ बाय २८. पुन्हा मोजलं. तेच. आतून बोट फिरवलं तर एका तोंडाकडून दुसऱ्या तोंडाकडे नेढं सारखं निमुळतं होत जात होतं, नरसाळ्यासारखं.

दांडा बसवण्याच्या दोन रिती आहेत. एकीत नेढं दोन्ही तोंडांना रुंद आणि मध्ये बारीक असतं, किंवा वरच्या अंगाला किंचित पसरट. दांडा खालून घालायचा आणि वरून चिरेत पाचर ठोकून लाकूड फुलवायचं. दुसरीत नेढं एकाच बाजूला निमुळतं असतं आणि दांड्याचं वरचं टोक जाड ठेवलेलं असतं. पातं मुठीच्या बाजूने दांड्यात ओवायचं आणि सरकवत सरकवत वर न्यायचं, जाड टोकापाशी ते अडकतं. कुदळीचा दांडा असाच असतो. त्यात पाचर नाही, खिळा नाही. प्रत्येक घावाला पातं बाहेर जायला बघतं आणि बाहेर दांडा जाड आहे, म्हणून जितके घाव घालाल तितकं ते आवळत जातं.

आमची कुऱ्हाड या दुसऱ्या घराण्याची. तिचं रुंद तोंड वर हवं, निमुळतं तोंड मुठीकडे. मी माझे फोटो पुन्हा उघडले. कापायच्या आधीचे. निमुळतं तोंड वर होतं.

कुऱ्हाड उलटी बसवलेली होती. दांडा खालच्या रुंद तोंडातून आत गेला होता आणि वर बारीक होत गेला होता. म्हणजे प्रत्येक घावाला पातं बारीक टोकाकडे ओढलं जायचं. खिळे, पत्रा, रबर, कापड, ही सगळी मंडळी मिळून ते थोपवत होती.

पात्याची वरची आणि खालची कड जवळजवळ सारखीच असल्यामुळे बघून कोणाला कळणार नाही. पण धारेने ते लिहून ठेवलं होतं. सहसा कुऱ्हाडीचं वरचं टोक आधी झिजतं, कारण ओंडका फुटला की तेच जमिनीला, दगडाला लागतं. आमच्या कुऱ्हाडीची दोन्ही टोकं झिजलेली. एक गुळगुळीत, मोठ्या वळणाने, वर्षानुवर्षं वापरून आणि पुन्हा पुन्हा पाजवून झिजलेलं. तेच रुंद तोंडाच्या बाजूचं. दुसऱ्या टोकाची झीज लहान, ओबडधोबड, तिच्यात दोन खवले उडालेले. पहिलं टोक आजोबांचं. दुसरं बाबांच्या दोन वर्षांचं.

हे बाबांना कसं सांगायचं, यात माझे चार दिवस गेले. साठ वर्षं त्यांनी कुऱ्हाडीला दोष दिला होता, आणि मला आता पुराव्यासकट उलट सांगायचं होतं. आई म्हणाली, राहू दे, कशाला उकरायचं. शेवटी मी काही बोललेच नाही. साफ केलेलं पातं त्यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, "बाबा, आतून बोट फिरवून बघा."

त्यांनी अंगठा आत घातला. मग तर्जनी दुसऱ्या बाजूने. पातं फिरवलं, पुन्हा बोट घातलं. खूप वेळ ते तसंच करत राहिले. मग म्हणाले, "मी उलटी घातली होती."

मी काही म्हणाले नाही. थोड्या वेळाने ते म्हणाले, "मग हिच्यात काही खोट नाही?"

"नाही."

"बरं झालं," असं म्हणून त्यांनी पातं मांडीवर ठेवलं आणि चष्मा काढून पुसला. त्या क्षणापासून हे काम माझं एकटीचं राहिलं नाही.

खोट नाही म्हणाले खरी, पण ती जोडाची रेघ माझ्या डोक्यात होती. तो जोड आहे की तडा, हे न तपासता कुऱ्हाड कोणाच्या हातात देणं शक्य नव्हतं. त्यासाठी जुनी, साधी रीत आहे. पातं रात्रभर रॉकेलमध्ये ठेवायचं, बाहेर काढून कोरडं पुसायचं आणि त्यावर खडूची पूड पातळ फासायची. तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल पूड शोषून घेते आणि ओली काळी रेघ उमटते. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये पूर्वी आस असेच तपासायचे. आमच्या पात्यावर जोडाच्या शेवटी सहा मिलिमीटरची रेघ उमटली, तिथे ठोकताना जोड पूर्ण बसला नव्हता. बाकी अंगावर, नेढ्याच्या दोन्ही भिंतींवर, पोलादाच्या जोडावर काही नाही. रेघेच्या टोकांवर पोगराने बारीक खुणा केल्या, पुढे सरकली तर कळावी म्हणून. आणि ठरवलं की या कुऱ्हाडीने फांद्या आणि मध्यम ओंडके तोडायचे, तुंब्याने काहीही ठोकायचं नाही. कोणीतरी ठोकलं होतंच. तुंब्याच्या कडा मशरूमसारख्या बाहेर वळल्या होत्या. अशी कड घावाला तुटून डोळ्यात जाऊ शकते, म्हणून त्या कानशीने काढून टाकल्या.

गंज काढताना मी हात आखडता ठेवला. दोन दिवस रॉकेल, मग पितळी ब्रश, मग बोथट खरवडणी. लाल गंज गेला आणि खाली काळा, घट्ट थर राहिला, तो राहू दिला. तो लोखंडाला धरून असतो आणि त्यावर तेल चांगलं टिकतं. घणाचे ठसे, तीन ठिपके, सगळं तसंच आहे. अगदीच गंजाचा गोळा झालेली वस्तू असेल तर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात वीज सोडून गंज काढता येतो, मात्र दुसऱ्या टोकाला स्टेनलेस स्टील लावू नका, क्रोमियमची विषारी संयुगं तयार होतात. आणि ते काम उघड्यावर करा, त्यात हायड्रोजन सुटतो.

धारेने मला एक धक्का दिला. कानस हे कडकपणा मोजायचं घरगुती यंत्र आहे. कानशीचा कडकपणा रॉकवेलच्या सी मापावर ६२ ते ६५ च्या घरात, चांगल्या कुऱ्हाडीच्या धारेचा साधारण ५० ते ५८. म्हणजे कानस लागली पाहिजे, पण झगडून. घसरतच राहिली तर धार फार कडक, खवले उडणार. सहज शिरली तर मऊ. मी एका टोकापासून कानस फिरवत गेले. हाताला सारखी खरखर येत होती, आणि दुसऱ्या टोकाला, शेवटच्या दीड सेंटिमीटरवर, ती अचानक लोण्यात शिरल्यासारखी गेली. बाबांना विचारलं तर आठवलं, एका चुलत भावाने मधे कधीतरी हौसेने ती ग्राइंडरवर धरली होती. तिथेच गेलं. पाणी दिलेलं पोलाद पुन्हा तापलं की त्यावर रंग चढतात. २२० अंशांच्या आसपास गवती पिवळा, २५५ ला तपकिरी, २८० ला जांभळा, ३०० ला निळा. धारेची कड कागदाएवढी पातळ, ग्राइंडरवर ती डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच निळ्याच्याही पुढे जाते. रंग नंतर घासून जातो, गंजाखाली दिसतही नाही, पण गेलेला कडकपणा परत येत नाही. उपाय एकच, मऊ भाग कानशीने मागे सारत जायचं. तीन मिलिमीटर गेल्यावर कानस पुन्हा बोलायला लागली. ते तीन मिलिमीटर मला फार जड गेले.

मग कोन बसवला, दोन्ही बाजू मिळून साधारण तीस अंश, आणि गाल किंचित फुगीर, म्हणजे पातं लाकडात अडकत नाही. उतारावर स्केचपेनने रेघा ओढायच्या, कानशीचे चार हात मारायचे आणि रेघ कुठे पुसली ते बघायचं. पुसली तिथे कानस लागते आहे. शेवटी सहाणेवर तेल टाकून गोल गोल. धारेला हाताने घासताना पाणी उतरत नाही, वेळ मात्र जातो. तो जाऊ द्यावा.

दांड्यासाठी बाबांनी धामणीचं लाकूड निवडलं. बाभूळही चालते. जगात इतरत्र अ‍ॅश आणि हिकरी नावाजलेली आहेत. सगळ्यांत गुण तोच, लांब सरळ तंतू आणि हादरा सोसायची ताकद. करवतीने कापलेली फळी बाबांनी नाकारली. ओंडका पाचरीने उभा फोडून काढलेली फाक घ्यायची, कारण फोडलेलं लाकूड तंतूंच्या वाटेनेच फुटतं. करवत तंतू बघत नाही. रेषा दांड्याच्या मध्येच कडेला बाहेर पडत असतील तर दांडा तिथेच मोडणार. फाक ओली होती, म्हणून तिची टोकं मेणाने बंद करून ती सावलीत ठेवली आणि दर पंधरा दिवसांनी वजन करत राहिलो. वजन उतरायचं थांबेपर्यंत पाच महिने लागले. सतराव्या वर्षी बाबांना हे पाच महिने मिळाले नव्हते.

तासण्याचं काम त्यांनीच केलं, मी धरायला. आधी वाकस, मग रंधा, शेवटी काचेचा तुकडा. काचेने खरवडलेला दांडा हाताला मऊ लागतो, फोड येत नाहीत. वरच्या टोकाला नेढ्याचंच नरसाळं लाकडात उतरवायचं होतं. नेढ्याच्या आतून काजळी आणि तेल फासलं, पातं मुठीकडून ओवून वर नेलं, हलकेच ठोकलं, काढलं. दांड्यावर जिथे काळे डाग पडले तिथे लाकूड जास्त. तेवढंच खरवडायचं आणि पुन्हा. पहिल्या वेळी दोनच डाग पडले होते, मुगाएवढे. अकराव्या वेळी एक बाजू पूर्ण काळी. सतराव्या वेळी बाबांनी पातं काढलं, दांडा उजेडात फिरवला, आणि डाग नव्हतेच. सगळीकडे एकसारखा काळा पट्टा होता.

आजी चिडली की म्हणायची, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. मला ती म्हण लहानपणापासून येते, पण त्या दुपारी बाबांच्या काळ्या बोटांमधला तो दांडा बघताना मला त्यात काळ दिसला नाही.

दांड्याला जवसाचं तेल दिलं, पातळ हात, प्रत्येक हात वाळल्यावर पुढचा. यात एक काळजी घ्याच. जवसाचं तेल वाळतं म्हणजे हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, आणि त्यात उष्णता निघते. तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती उष्णता आत साठते आणि फडकी आपोआप पेटतात. फिलाडेल्फियात फेब्रुवारी १९९१ मध्ये वन मेरिडियन प्लाझा ही ३८ मजली इमारत अशाच फडक्यांनी पेटली आणि आग विझवणारे तीन जवान गेले. फडकी पसरून, एकेक वेगळी वाळवा, किंवा पाण्यात बुडवा.

पातं शेवटचं चढवलं तेव्हा दांड्याचं टोक पात्याच्या वर बोटभर ठेवलं. ते कापून सारखं करू नका, पुढे आवळायला तीच जागा कामाला येते.

गेल्या महिन्यात काका आला. आता एकाहत्तर वर्षांचा आहे, डाव्या कानाने कमी ऐकतो, त्याचा या कुऱ्हाडीशी काही संबंध नाही. बाबांनी कुऱ्हाड त्याच्यासमोर ठेवली. काकाने ती उचलली नाही, आधी वाकून वरून पाहिली. खिळे कुठे आहेत, त्याने विचारलं. बाबा म्हणाले, "लागत नाहीत. तेव्हा मी उलटी घातली होती." काका त्यांच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे दादा, तू साठ वर्षं माझ्यासमोर कुऱ्हाड धरली नाहीस, ती यासाठी?"

बाबांनी उत्तर दिलं नाही. अंगणात एक मध्यम ओंडका उभा करून ठेवला होता, त्याच्याकडे गेले. मी काकाला बाजूला, बराच लांब उभा केला, ते आपलं नियमानेच. पहिला घाव अर्धा बसला. दुसऱ्याला ओंडका मधोमध उकलला आणि दोन फाका दोन बाजूंना पडल्या. बाबांनी पातं हलवून बघितलं. मग कुऱ्हाड उलटी धरली, मूठ आकाशाकडे, आणि दांड्याचं वरचं टोक ओंडक्यावर दोनदा आपटलं. ठक्, ठक्. पातं जाड टोकाकडे आणखी केसभर सरकलं, आणि त्यांनी कुऱ्हाड काकाच्या हातात दिली.